दोन मोटारसायकली पिकअपमधून पुणे ते नागपूर : बांधायच्या कशा?

सह्यकडा
पुढच्या महिन्यात घर नागपूरला हलतं आहे. सामान वेगळ्या ट्रकने जाईल. दोन मोटारसायकलींसाठी बोलेरो पिकअप ठरवतो आहे. दोन्ही रॉयल एनफिल्ड : एक क्लासिक ३५० (२०२१ नंतरचं मॉडेल, १९५ किलो) आणि दुसरी हिमालयन ४५० (१९६ किलो). नगरमार्गे संभाजीनगर गाठून पुढे समृद्धी.

टेम्पोवाल्याचं म्हणणं असं की दोन्ही गाड्या साइड स्टँडवर लावू, काथ्याने हँडल आवळू आणि मध्ये गाद्या कोंबू. "रोजचंच काम आहे साहेब." मला हे पटत नाही. पट्टे कोणते घ्यावेत, गाडीला कुठे अडकवावेत, शॉकअप किती दाबावेत, आणि मुळात दोन गाड्या एका हौद्यात नीट बसतात का? जाणकारांनी सविस्तर लिहावं. धागा इतरांनाही उपयोगी पडेल.

गॅरेजकट्टा
पहिलं, साइड स्टँड विसरा. साइड स्टँडवरची गाडी डावीकडे कललेली असते. पट्टा आवळला की सगळा दाब स्टँडच्या एका खिळीवर आणि फ्रेमला वेल्ड केलेल्या त्या छोट्या पत्र्यावर येतो. खड्ड्यात हौदा उसळला की स्टँड वाकतो, वेल्ड तडकतं किंवा स्टँडचा पाय हौद्याच्या पत्र्यावर सरकतो. सरकला की पट्टे ढिले, आणि पट्टे ढिले झाले की गाडी आडवी.

गाडी दोन चाकांवर सरळ उभी हवी. पुढचं चाक केबिनच्या मागच्या भिंतीला टेकलेलं. चार पट्टे, दोन पुढे आणि दोन मागे. पुढचे दोन गाडीला खाली आणि पुढे खेचतात, मागचे दोन मागचं चाक डावी-उजवीकडे सरकू देत नाहीत. खरं काम पुढच्या दोघांचं असतं.

पुढचा पट्टा हँडलच्या टोकाला कधीही लावू नका. फोर्कचे (पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपचे) दोन पाय जिथे खालच्या बाजूला एकत्र जोडलेले असतात, ती बॉटम टी ही जागा. तिथे थेट लोखंडी हूक लावायचा नाही. कापडी पट्ट्याचा फास (बाजारात सॉफ्ट लूप म्हणून मिळतो, फूट-दीड फुटाचा) टीभोवती घालायचा आणि रॅचेटचा (खटक्याने पट्टा आवळणाऱ्या साच्याचा) हूक त्या फासात. फास घालताना ब्रेकचा होज, क्लचची केबल आणि हेडलाइटची वायरिंग आत चेंगरत नाही ना, हे बोट घालून बघा. क्लासिकला हे सोपं आहे. हिमालयनला रेडिएटर आणि टाकीपुढची लोखंडी चौकट आहे, पट्टा तिथे घासता कामा नये.

पट्ट्याचा कोन ४५ अंशांच्या आसपास ठेवा, बाजूलाही आणि पुढेही. पट्टा जितका उभा होतो तितका तो गाडीला फक्त खाली दाबतो, बाजूने धरत नाही. जमिनीशी ८० अंशांत लावलेल्या पट्ट्याच्या ताणाचा जेमतेम सहावा हिस्सा बाजूच्या धक्क्याला कामी येतो.

वऱ्हाडी_ठेचा
नागपुरात स्वागत! उतरवायला माणसं आधीच सांगून ठेवा. चढवताना चार जण असतात, उतरवताना ड्रायव्हर एकटा.

काटेकोर
गॅरेजकट्टा यांच्याशी सहमत, पण डबल स्टँडबद्दल लिहायचं राहिलं. क्लासिकला डबल स्टँड आहे आणि बरेच ट्रान्सपोर्टवाले त्यावरच गाडी लावतात. ते चुकीचं का?

गॅरेजकट्टा
@काटेकोर, डबल स्टँडवर मागचं चाक हवेत असतं, त्यामुळे मागचा शॉकअप धक्का खातच नाही. प्रत्येक खड्डा स्टँडच्या दोन पायांतून थेट फ्रेममध्ये जातो. शिवाय डबल स्टँड पुढे ढकललं की बंद होतं आणि ट्रकचा ब्रेक गाडीला नेमकं पुढेच ढकलतो. गोदामात दोन तास उभी करायची असेल तर डबल स्टँड ठीक. सात-आठशे किलोमीटरच्या रस्त्यावर नाही.

राईनकाठ
मी जर्मनीत असतो. इथे ट्रेलरवर माल बांधण्याचे नियम फार कडक आहेत, त्यातले आकडे उपयोगी पडतील म्हणून देतो.

युरोपात माल बांधताना हिशोब असा धरतात : जोरात ब्रेक मारल्यावर मालाच्या वजनाच्या ०.८ पट बल पुढच्या दिशेने, आणि वळणावर ०.५ पट बाजूला. मागच्या दिशेलाही ०.५. म्हणजे १९५ किलोच्या क्लासिकला पुढे साधारण १५६ किलोचा रेटा आणि बाजूला ९८ किलोचा. पुढचा रेटा चाक भिंतीला टेकवून भिंतीवर टाकता येतो. बाजूचा रेटा मात्र पट्ट्यांनाच पेलायचा असतो, म्हणून वर लिहिलेला कोन महत्त्वाचा.

पट्टा घेताना त्यावर शिवलेलं लेबल वाचा. निळं लेबल असेल तर पॉलिएस्टर. मोटारसायकलीला तेच हवं, कारण ताणावर ते कमी लांबतं आणि ओलं झालं तरी फारसं बदलत नाही. लेबलवर 'एलसी' (पट्टा वापरात किती ओढा पेलतो ते) पुढे आकडा असतो, एकक डेकान्यूटन. एक डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा ओढा. २५ मिमी रुंदीच्या पट्ट्याला २५० किंवा त्याहून जास्त एलसी असेल तर या वजनाच्या गाडीला तो पुरतो. काही विक्रेते फक्त तुटण्याचा आकडा मोठ्या अक्षरात छापतात. तो वापरण्याचा आकडा नव्हे. लेबलच नसेल तर तो पट्टा कितीही जाडजूड दिसला तरी घेऊ नका.

रानजाई
५० मिमीचे ट्रकचे पट्टे घेतले तर जास्त सुरक्षित नाही का?

राईनकाठ
मोटारसायकलीला नाही. त्यांचं रॅचेट मोठं, हँडल लांब. एका हाताने ओढलं तरी इतका ताण येतो की फोर्क तळाला टेकतो आणि कळतही नाही. रुंद पट्टा बॉटम टीच्या अरुंद जागेत नीट बसतही नाही, दुमडून बसतो आणि एका कडेवरच ताण घेतो. २५ किंवा फार तर ३५ मिमी.

काथ्याकूट
एवढं सगळं कशाला? वर्षानुवर्षं काथ्याने आणि नायलॉनच्या दोरीने गाड्या जात आल्या आहेत. ट्रकवाल्यांची गाठ पक्की असते.

काटेकोर
@काथ्याकूट, गाठ पक्की असते, मान्य. दोरीच्या मध्ये फास करून, त्यातून टोक परत ओढून ते जो ताण आणतात तो उत्तम असतो. अडचण दोरीची आहे. काथ्या भिजला आणि वाळला की त्याचा ताण बदलतो. नायलॉन ताणाखाली लांबतं, ओलं झालं की आणखी. पिवळी-निळी प्लास्टिकची दोरी गुळगुळीत असल्यामुळे तिच्यात गाठ सरकते आणि उन्हाने ती ठिसूळ होते. दोरीच वापरायची वेळ आली तर चांगली नायलॉन दोरी घ्या, आणि दर थांब्यावर पुन्हा ओढायची आहे हे धरून चाला.

रॅचेटच्या पट्ट्याला मात्र गाठ कधीही मारू नका. पट्टा लांब पडला म्हणून मध्ये गाठ मारली की त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते.

मडगार्ड
शॉकअप किती दाबायचे यावर कुणी बोललंच नाही. मी ऐकलंय की पूर्ण दाबायचे, म्हणजे गाडी हलूच शकत नाही.

गॅरेजकट्टा
नाही, नाही. पूर्ण दाबणं हीच सगळ्यात जास्त नुकसान करणारी सवय आहे.

क्लासिकच्या फोर्कची एकूण चाल १३० मिमी, हिमालयन ४५० ची २०० मिमी. एक तृतीयांश दाबा, म्हणजे क्लासिकला साधारण ४० ते ४५ मिमी आणि हिमालयनला ६५ च्या आसपास. गाडी स्वतःच्या वजनाने थोडी बसलेली असतेच, ते यातच धरा. मोजायचं कसं? चढवण्यापूर्वी क्लासिकच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर डस्ट सीलला (नळीच्या तोंडाशी धूळ अडवणाऱ्या रबराला) लागून एक झिपटाय सैलसर बांधा. दोघांनी पुढून गाडी उचलून धरली की सीलपासून टायपर्यंतचं अंतर शून्य ठेवा. मग पट्टे आवळताना सील टायला किती वर ढकलतं ते फूटपट्टीने बघा. हिमालयनचे फोर्क उलटे आहेत, म्हणजे चकचकीत नळी खाली, तिथेही हेच करता येतं, टाय खाली सरकेल इतकंच. आवळून झालं की टाय कापून टाका.

पूर्ण दाबले की काय होतं? फोर्कला हलायला जागा उरत नाही. खड्ड्याचा धक्का मग टायर, रिम, हेड बेअरिंग आणि पट्टा यांच्यात वाटला जातो. फारच कमी दाबले तर उलट होतं. खड्ड्यात फोर्क आणखी खाली जातो, पट्टा क्षणभर ढिला पडतो आणि उघडा एस हूक कडीतून निसटतो. गाड्या पडतात त्या बहुतेक अशाच. म्हणून हुकाला खटका असलेला घ्या. नसेल तर हुकाच्या तोंडावर झिपटाय बांधा किंवा इन्सुलेशन टेपचे चार-पाच वेढे द्या.

मडगार्ड
आणि ऑइल सील? दाबून ठेवले की फुटतात म्हणतात.

गॅरेजकट्टा
एक तृतीयांश दाबून दिवसभर ठेवल्याने चांगलं सील जात नाही. रस्त्यावर चालताना फोर्क त्याहून कितीतरी जास्त दाबला जातो. आधीच म्हातारं झालेलं सील मात्र प्रवासात गळायला लागतं आणि दोष पट्ट्यावर येतो. चढवण्यापूर्वी नळी पुसा, तेलाची कड दिसते का बघा. धूळ आणि वाळलेले किडे सीलच्या ओठात जाऊ नयेत म्हणूनही ते पुसणं गरजेचं आहे.

राईनकाठ
इथले व्यावसायिक वाहतूकदार दुसरी पद्धत वापरतात. शॉकअप दाबायचेच नाहीत, चाकंच बांधायची. पुढचं चाक चॉकमध्ये (चाक पकडून ठेवणाऱ्या खाचेत) अडकवायचं आणि मागच्या टायरवरून पट्टा घालून तो जमिनीला आवळायचा. गाडी स्वतःच्या शॉकअपवर मोकळी झुलते, पट्ट्याचा ताण बदलत नाही.

काटेकोर
पद्धत उत्तम, पण ती जमिनीत पक्क्या बसवलेल्या चॉकवर अवलंबून आहे. भाड्याच्या पिकअपमध्ये तसा चॉक नसतो. सह्यकडा यांच्यासाठी मागचं चाक टायरवरून बांधणं हे पूरक म्हणून जरूर करावं, पण पुढे टीवरचे पट्टे लागणारच.

चॉक घरी करता येतो. १८ मिमी प्लायवुड, लांबी साधारण ७ फूट, रुंदी दीड फूट. त्याच्या पुढच्या टोकाला ४ बाय २ इंचाच्या दोन रिपा समांतर ठोका, मध्ये टायर दाटून बसेल इतकीच जागा. क्लासिकचा पुढचा टायर १००/९०-१९, म्हणजे रुंदी १०० मिमी. हिमालयनचा ९०/९०-२१. म्हणून दोन चॉक वेगळे करा, एकाच मापाचे नको. रिपांच्या पुढे एक आडवी रीप, तिला चाक टेकेल. स्क्रू प्लायच्या खालून वर घाला आणि त्यांची टोकं रिपांच्या आतच राहतील इतक्याच लांबीचे घ्या, म्हणजे टायरला लागणार नाहीत. गाडीचं स्वतःचं वजन प्लायवर असल्यामुळे प्लाय जागचा हलत नाही. चौकडीच्या पत्र्यावर तो घसरू नये म्हणून खाली जुन्या रबर मॅटचा तुकडा टाका. हौद्यात सांडलेलं डिझेल, वाळू, सिमेंट आधी झाडून-पुसून घ्या. याच्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि मग सगळी मेहनत तेलावर उभी राहते.

रानजाई
स्कूटरचं काय? बॉटम टी दिसतच नाही, सगळं प्लास्टिकने झाकलेलं.

गॅरेजकट्टा
स्कूटरला पुढे हँडलच्या खांबाभोवती, प्लास्टिकच्या कव्हरच्या खाली जिथे लोखंडी भाग हाताला लागतो, तिथे फास. मागे ग्रॅबरेलच्या टोकाला नको, रेल जिथे फ्रेमला बोल्टने बसलेली असते तिथे. मागच्या ब्रेकला लॉक असेल तर लावा, कारण स्कूटरला गिअरची पकड नसते. लॉक नसेल तर ब्रेकचा लिव्हर जाड रबराने बांधून ठेवा. प्लास्टिकवरून पट्टा जातोय असं दिसलं तर मार्ग बदला. मध्ये फडकं घालून भागत नाही, प्लास्टिक दाबाने तडकतं.

वऱ्हाडी_ठेचा
मोटारसायकल गिअरमध्ये ठेवायची की न्यूट्रल? हँडल लॉक करायचं का?

काटेकोर
पहिल्या गिअरमध्ये. हँडल लॉक करायचं नाही. लॉक लावलं की हँडल एका बाजूला वळतं, डावा-उजवा पट्टा वेगवेगळ्या लांबीचा होतो आणि धक्क्यांनी लॉकची जीभ वाकते. हँडल सरळ, चाक सरळ. किल्ली स्वतःजवळ.

मडगार्ड
टेम्पोत चढवायचं कसं हे पण लिहा कुणीतरी. बहुतेक गाड्या प्रवासात नाही, फळीवर पडतात.

गॅरेजकट्टा
अगदी बरोबर. इथे मापांचा विचार करा. पिकअपचा हौदा जमिनीपासून अडीच फूट धरला आणि फळी ८ फुटांची असेल तर चढ १८ अंशांचा, आणि १९५ किलोची गाडी वर रेटायला साधारण ६१ किलोचं बल लागतं. फळी ६ फुटांची घेतली तर चढ पावणेपंचवीस अंशांचा आणि बल ८१ किलो. दोन फूट लाकडात एवढा फरक पडतो. शिवाय तीव्र चढावर फळी संपते त्या कडेवर गाडीचं पोट टेकतं. क्लासिकचा सायलेन्सर किंवा हिमालयनची खालची प्लेट तिथे अडकली की गाडी पुढेही जात नाही आणि मागेही.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे फळी टाळणं. पिकअप मागे घेत एखाद्या उंचवट्याला लावा. शेताचा बांध, गोदामाचा धक्का, रस्त्याकडेचा मातीचा चढ. उंची फूटभराने कमी झाली तरी काम निम्मं होतं.

फळी दोन इंच जाडीची, फूटभर रुंदीची, गाठी नसलेली. वरच्या टोकाला भोक पाडून ती हौद्याच्या चौकटीला दोरीने बांधा, म्हणजे मागचं चाक चढताना ती मागे ढकलली जाणार नाही. शेजारी माणसाला चालायला दुसरी फळी. तीन माणसं हवीत : एक डावीकडे हँडल आणि क्लच धरून, दुसरा मागून, तिसरा उजव्या बाजूला फक्त तोल सांभाळायला. इंजिन चालू ठेवून पहिल्या गिअरमध्ये अर्ध्या क्लचवर शेजारून चालत नेता येतं, पण गाडीवर बसून चढवू नका. वर पोचल्यावर पाय टेकायला जमीन नसते.

रानजाई
आणि उतरवताना? पुढचा ब्रेक धरून मागे सोडायची ना?

काटेकोर
इथेच फसगत होते. गाडी मागे उतरत असते तेव्हा वजन मागच्या चाकावर जातं, पुढचं चाक हलकं होतं. पुढचा ब्रेक दाबला की चाक थांबतं, पण घसरतं. इंजिन बंद, पहिला गिअर, आणि क्लच हाच ब्रेक. लिव्हर थोडा सोडला की मागचं चाक जागीच थांबतं. सावकाश, एका वेळी एक-दीड फूट.

पट्टे सोडण्याचाही क्रम आहे. आधी साइड स्टँड पाडा. मग उजवीकडचे पट्टे सोडा. गाडी डाव्या पट्ट्यांच्या ओढीने स्टँडवर टेकते. त्यानंतर डावे. उलट केलं तर उजव्या पट्ट्याने गाडी उजवीकडे ओढली जाते आणि तिकडे स्टँड नसतो. बांधताना हाच क्रम उलटा : आधी डावे पट्टे सैलसर अडकवायचे, मग उजवे आवळत गाडी सरळ करायची, आणि शेवटी दोन्हीकडे आळीपाळीने दोन-दोन खटके. एका बाजूला पूर्ण आवळून मग दुसरी, असं केलं की हँडल तिरकं राहतं. सगळं झालं की स्टँड वर घ्यायला विसरू नका.

राईनकाठ
रॅचेटच्या दांड्यावर पट्ट्याचे किमान दीड-दोन वेढे बसायला हवेत, तीनपेक्षा जास्त नकोत. कमी असले तर सरकतो, जास्त झाले तर अडकतो आणि सोडताना घाम निघतो. उरलेलं शेपूट गुंडाळून बांधा. वाऱ्यात फडफडणारं शेपूट टाकीचा रंग खरवडतं.

काथ्याकूट
रंगासाठी बबल रॅप गुंडाळला की झालं.

मडगार्ड
त्यात गोम आहे. उन्हात बंद पडलेल्या ओलाव्याने बबल रॅपचे गोल डाग रंगावर उठतात, मॅट रंगावर तर ठळक. आधी गाडी धुवा आणि पूर्ण वाळवा, कारण कापडाखाली अडकलेली धूळ सॅंडपेपरसारखी काम करते. मग टाकीवर मऊ जुनी चादर, तिच्यावर बबल रॅप, तोही फक्त पट्ट्याच्या वाटेवर आणि दोन गाड्या समोरासमोर येतील तिथे. ताडपत्री थेट गाडीवर ओढू नका. हौद्याच्या कमानीवर किंवा आडव्या बांबूवर टाका, गाडीपासून वीतभर वर.

वऱ्हाडी_ठेचा
पेट्रोल?

काटेकोर
रस्त्याने जाताना टाकीत थोडंच ठेवा, पाव टाकी पुरे. क्लासिकची टाकी १३ लिटर, हिमालयनची १७. पूर्ण भरलेली असली तर उष्णतेने आणि धक्क्याने झाकणाच्या हवेच्या नळीतून बाहेर येतं. अगदी कोरडी करू नका. या दोन्ही गाड्या फ्यूल इंजेक्शनच्या आहेत, टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड होतो.

रेल्वेने पाठवायची असती तर टाकी रिकामी करावीच लागली असती. तिथे पेट्रोल उपसून काढायचं, इंजिन चालवून संपवायचं नाही, आणि नंतर चावी फिरवून पंप कोरडा चालवायचा नाही. रेल्वेत गोणपाटाचं पॅकिंगही करावं लागतं. तिकिटासोबत त्याच गाडीने न्यायची तर लगेज, नाहीतर पार्सल.

रानजाई
विमा चालतो का प्रवासात?

राईनकाठ
भारतातल्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत, म्हणजे ज्यात गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग असतो त्यात, रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट किंवा विमानाने नेताना होणारं नुकसान धरलेलं असतं. फक्त थर्ड पार्टी असेल तर नाही. रबर, प्लास्टिक, नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा वजा होतो, म्हणून इंडिकेटर-आरशांची रक्कम निम्मीच मिळते. आरसे काढूनच ठेवा. चढवण्यापूर्वी चारही बाजूंचे फोटो, किलोमीटरचा आकडा दिसेल असे.

काटेकोर
ड्रायव्हरजवळ आरसी, विमा, पीयूसीच्या प्रती द्या. वापरलेल्या घरगुती वस्तूंना ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा कागद) लागत नाही. पुणे-नागपूर एकाच राज्यात, त्यामुळे आरटीओच्या एनओसीचा प्रश्नच नाही.

सह्यकडा
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं एका जागी कुठेच मिळालं नव्हतं. मूळ प्रश्नातला एक भाग राहिला : दोन गाड्या शेजारी बसतील का? पिकअपवाला ८ फुटी आणि ९ फुटी दोन्ही देतो म्हणतोय. भाड्यात फरक आहे.

गॅरेजकट्टा
९ फुटी घ्या. हिशोब सांगतो. हौदा साधारण १७० सेंमी रुंद धरा. क्लासिक हँडलपाशी ७९ सेंमी, हिमालयन ८५, हँडगार्ड लावलेले असतील तर ९०. दोन्ही हँडलं एका रेषेत आली तर १६९ सेंमी, म्हणजे जागाच नाही. हँडलं एकमेकांच्या पुढे-मागे करावी लागतात, किमान फूटभर.

हिमालयन सव्वादोन मीटर लांब आहे, ८ फुटी हौदा जेमतेम २ मीटर ४४. फूटभर मागेपुढे करायला जागा उरत नाही. ९ फुटीत ती थेट केबिनच्या भिंतीला टेकवा, आणि क्लासिकचं चाक भिंतीपासून फूटभर मागे. मधली जागा लाकडी ठोकळ्याने पक्की भरा, पोकळ सोडायची नाही, कारण पुढचा १५६ किलोचा रेटा त्या ठोकळ्यातूनच भिंतीवर जायचा आहे. ठोकळा प्लायला स्क्रूने जोडा. क्लासिक सव्वादोन मीटरहूनही आखूड आहे, तेव्हा मागे फाळका (हौद्याची उघडणारी बाजू) बंद होतो.

काटेकोर
८ फुटीच मिळाली तर एक गाडी केबिनकडे तोंड करून आणि दुसरी फाळक्याकडे तोंड करून लावतात. चालतं, पण उलट्या गाडीला ब्रेकच्या वेळी तोंडाकडून पुढे ढकललं जातं आणि तिचं मागचं चाक केबिनकडे असतं. तेव्हा त्या मागच्या चाकाला भिंतीशी ठोकळा द्या आणि तिचे टीवरचे पट्टे फाळक्याच्या दिशेने ओढून घ्या. फाळक्याला नव्हे, खालच्या चौकटीला.

राईनकाठ
दोन गाड्यांत आतल्या बाजूच्या पट्ट्यांना जमिनीवर कडी नसते, हा खरा पेच आहे. एक गाडी दुसरीला बांधायची नाही, एक हलली की दुसरी सोबत जाते. पुढचे आतले दोन पट्टे केबिनच्या भिंतीच्या लोखंडी जाळीच्या तळाशी, मध्यभागी न्या. मागचे आतले पट्टे जमिनीलगत शेजारच्या गाडीच्या पोटाखालून पलीकडच्या चौकटीपर्यंत. तिथे चेन आणि सायलेन्सरला स्पर्श होत नाही ना, बघा.

गॅरेजकट्टा
बाहेरचे पट्टे बाजूच्या फाळक्याच्या वरच्या कडेवरून हौद्याखालच्या हुकांपर्यंत जातात. त्या कडेवर जुन्या ट्यूबची चौपदरी घडी ठेवा, नाहीतर पत्रा पट्टा कापतो. फाळक्याच्या खटक्यात पट्टा अडकवू नका. मागचे पट्टे गाडीला कुठे? क्लासिकला पाठीमागच्या फूटरेस्टच्या फ्रेमपाशी, हिमालयनला मागच्या रॅकच्या पायथ्याशी फ्रेमला. चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या लोखंडी दुबेळक्याला) लावले तरी चालतात, मग मागचा शॉकअप मोकळा राहतो, फक्त ब्रेकचा पाइप चुकवा. मागे फार आवळायचं नाही. हाताने हलवल्यावर मागचं चाक सरकलं नाही की पुरे.

सह्यकडा
९ फुटी ठरवली. एकूण आठ पट्टे, शिवाय दोन जादा. तपासणी किती वेळा करायला सांगू ड्रायव्हरला?

काटेकोर
पहिली १०-१५ किलोमीटरवर, शहराबाहेर पडताच. सगळं तिथेच बसतं : प्लाय, टायर, फासाची शिवण. एखादा खटका लागेल. मग शिक्रापूरच्या पुढे एकदा, नगरला एकदा, आणि समृद्धीवर चढण्यापूर्वी पक्की. पुढे दर शंभर-सव्वाशे किलोमीटरला. टायरमधली हवा आधी नेहमीच्या प्रमाणात भरून घ्या. हळू पंक्चर असेल तर गाडी खाली बसते आणि चारही पट्टे एकदम ढिले होतात.

वऱ्हाडी_ठेचा
ड्रायव्हरच्या चहाचे पैसे आधीच देऊन ठेवा, थांबे आपोआप होतील. :) आणि जादा दोन पट्टे त्याच्या केबिनमध्ये ठेवा, सामानाच्या ट्रकमध्ये जाऊ देऊ नका.